पॉलिश पेपर आधी खाली ठेवायला सांगा

प्रश्न : मेस्त्रीकाका, नमस्कार. माझी २०१३ची डिझेल सेदान आहे, १,४२,००० किलोमीटर झालेत. चेंबरमधून (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यातून) तेल गळायचं आणि सकाळी चालू करताना टाइमिंग चेनचा आवाज यायचा, म्हणून ओळखीच्या गॅरेजमध्ये दिली. वडिलांपासून, गेली पंधरा वर्षं, आमच्या सगळ्या गाड्या तिथेच जातात. त्यांनी चेन बदलली, चेंबर उतरवून पुन्हा बसवला आणि ‘आता खोललंच आहे तर’ म्हणून कनेक्टिंगची बेअरिंगंही (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या रॉडची) बदलली. ३४,५०० रुपये झाले. पावती कच्ची, पैसे यूपीआयने दिले. पुढे १,९०० किलोमीटर गाडी छान चालली. मग पुण्याहून येताना खंबाटकी चढून आनेवाडी टोलनाक्यावर रांगेत होतो, तेव्हा तेलाचा लाल दिवा लुकलुकला. रेस केल्यावर गेला, म्हणून तसाच निघालो. साताऱ्याच्या पुढे इंजिनातून खडखड यायला लागली. हळूहळू कराडपर्यंत आणली. आता इंजिन खोललंय. तीन नंबरचं बेअरिंग जागेवरच फिरलंय आणि क्रँकवर रेषा पडल्यात. गॅरेजवाले म्हणतात, ‘पॉलिश पेपर मारून नवीन बेअरिंग टाकतो, मजुरी घेत नाही, फक्त मालाचे पैसे द्या.’ मेहुणा म्हणतो, भंगारातून अख्खं इंजिन आण. बायको म्हणते, विकून टाक. चार फोटो पाठवतोय. क्रँक वाचेल का? आणि खर्च कोणी करायचा?
— एक वाचक, कराड

उत्तर :

गाडीचं नाव तुम्ही लिहिलं होतं, ते मी काढून टाकलं. या भानगडीत गाडी बनवणाऱ्याचा दोष नाही, उगाच त्याचं नाव कशाला.

बाकीचं नंतर, आधी एक काम करा. गॅरेजवाल्यांना फोन लावा आणि सांगा, क्रँकला हात लावू नका, पॉलिश पेपर खाली ठेवा. भांडून नको, सरळ सांगा. फुकट मजुरीची तयारी दाखवलीय म्हणजे माणूस वाईट नाही. पण ते जे करायला निघालेत ते झालं, तर दोन महिन्यांत तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल आणि तोवर क्रँकच्या जोडीला ब्लॉकही गेलेला असेल.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझी एकतीस वर्षं क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनसमोर गेली. पॉलिश पेपर मारलेले क्रँक इतके पाहिलेत की दारातून आत येतानाच ओळखायचो. पद्धत ठरलेली असते. पेपरची पट्टी पिनीभोवती, म्हणजे क्रँकच्या ज्या गोल भागावर रॉड बसतो त्याभोवती, गुंडाळायची, वरून सुतळीचे दोन वेढे द्यायचे आणि ताक घुसळल्यासारखी सुतळी दोन्हीकडून ओढायची. पाच मिनिटांत पिन आरशासारखी चमकते. गिऱ्हाईक खूश. मायक्रोमीटर लावला की कळतं, गोल पिनीचं अंडं झालंय आणि खोल रेषा होत्या तिथेच आहेत. पेपरची वाळू तेलाच्या भोकात जाऊन बसते ती वेगळीच.

हे इतकं नाजूक का, ते आकड्यांनी सांगतो. पिन आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलासाठी जी फट ठेवतात ती तुमच्यासारख्या इंजिनात ढोबळमानाने ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर असते. डोक्याचा केस साधारण ०.०७ असतो. म्हणजे केसभरही जागा नाही आणि त्या जागेत तेलाच्या पडद्यावर पिन तरंगत असते. बेअरिंगचा वरचा मऊ थर तर ०.०२ मिलिमीटरच्या आसपास. पिनीवर नखाला अडकेल एवढी रेषा राहिली तर नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून कानशीवर घासल्यासारखं घासणार. तुमच्या दुसऱ्या फोटोत तीन नंबरच्या पिनीवर तशा निदान चार रेषा मला दिसतात. नख फिरवून बघा, अडकलं की पेपरचा विषय संपला.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो तुमचा चौथा फोटो, जो तुम्ही बहुतेक सहज काढलात. तेलाच्या पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते तिचा. जाळीत लाल शेवेसारखे तुकडे अडकलेत, दिसले का? ते सिलिकॉन आहे. चेंबर बसवताना गळती नको म्हणून लावतात ते. दोन-तीन मिलिमीटरची बारीक वळ पुरते. आपल्याकडे ट्यूब पिळतात ती टूथपेस्टसारखी. चेंबरचे बोल्ट आवळले की जास्तीचा माल दोन्हीकडे निघतो. बाहेरचा फडक्याने पुसला जातो. जेवढी वळकटी बाहेर, तेवढीच आत. आतली कालांतराने सुटते, तेलात पडते आणि पंप ओढतो तेव्हा जाळीवर जाऊन बसते.

आता घाट आठवा. खंबाटकीला इंजिनवर लोड, तेल गरम आणि पातळ, जाळी अर्धी बुजलेली. पंपातून तेल फिल्टरमध्ये जातं, तिथून मेन बेअरिंगांना, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगांना, आणि मेनमधून क्रँकच्या पोटातल्या तिरक्या भोकांतून कनेक्टिंगच्या पिनींना. पिनी म्हणजे नळाच्या लाइनीवरचं शेवटचं घर. पाणी कमी पडलं की पहिला ठणठणाट तिथे. १,९०० किलोमीटर छान चालली आणि मग गेली, याचाही मेळ यातूनच बसतो. बेअरिंग उलटं बसवलं असतं किंवा तेलाचं भोक झाकलं गेलं असतं तर गाडी गॅरेजच्या गल्लीतच बोंबलली असती.

तर क्रँक दुरुस्त होईल की नाही हा प्रश्न दुसरा. जाळी, तेलाचा पंप, त्यातला दाबाचा व्हॉल्व्ह आणि चेंबर हे आधी निस्तरलं नाही तर सोन्याचा क्रँक बसवला तरी तो जाईल. हे मी स्वतः चटका खाऊन शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका जीपचा क्रँक माझ्याकडे तीन महिन्यांत दोनदा आला. दोन्ही वेळा ग्राइंडिंग मापात होतं, मी छातीठोकपणे गॅरेजवाल्याला दोष दिला आणि तो मला. तिसऱ्यांदा आला तेव्हा शटर ओढून त्याच्या गॅरेजवर गेलो. पंपातला दाबाचा व्हॉल्व्ह कचऱ्याने अर्धा उघडा अडकलेला होता, अर्धं तेल परत चेंबरमध्ये पडत होतं. आम्ही दोघांनीही तो खोलला नव्हता. त्यानंतर गिऱ्हाईक क्रँक घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न एकच असायचा, हा गेला कशाने?

तुमच्या गॅरेजवाल्यांना आणखी दोन गोष्टी विचारा. कनेक्टिंगचे बोल्ट नवे टाकले होते का? आताच्या बऱ्याच इंजिनांत ते ठरावीक टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, आणि वर ठरावीक अंश फिरवून ताणले जातात, एकदा ताणले की दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत. आणि रॉडच्या टोप्या, म्हणजे पिनीला खालून धरणारे अर्धे तुकडे, ज्याच्या त्यालाच बसल्या होत्या का? टोपीची अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही. उत्तर देताना ते अडखळले तर समजून घ्या.

आता मोजमाप. क्रँक, चारही कनेक्टिंग रॉड, जुनी बेअरिंगं आणि ती जाळी तुमच्या ताब्यात घ्या. बेअरिंगं वेगवेगळ्या पिशव्यांत घाला, वर मार्करने नंबर लिहा. जाळी धुऊ देऊ नका. सगळ्याचे फोटो काढा. मग क्रँक अशा ग्राइंडिंगवाल्याकडे न्या ज्याचा या गॅरेजशी व्यवहार नाही. कराडला मिळेल, नाहीतर कोल्हापूर सव्वा-दीड तासावर. त्याला म्हणा, आधी नुसतं मोजून कागदावर लिहून द्या, पैसे घ्या. प्रत्येक पिनीची चार मापं हवीत : दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी उभं आणि आडवं. मेनचीही तशीच. हा कागद ग्राइंडिंगच्या आधीच व्हायला हवा. ग्राइंडिंगचा दगड एकदा फिरला की काय बिघडलं होतं याचा पुरावा भुश्यात गेला.

माप घेताना तो क्रँक कसा हाताळतो ते बघत उभे राहा. चांगला कारागीर आधी तो दोरीला टांगतो आणि हातोडीने हलकेच टोला देतो. धडधाकट क्रँक देवळातल्या घंटेसारखा लांबवर टण्ण वाजतो. चीर असली तर आवाज थप्प, लगेच मरतो. माझ्या उस्तादांनी मला मायक्रोमीटर हातात द्यायच्या आधी सहा महिने हेच ऐकायला लावलं होतं. अर्थात कानावर सगळं सोडायचं नाही. लोखंडी भुकटी आणि चुंबकाने चीर दाखवणारी तपासणी होते, ती करून घ्या. मग दोन व्ही ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावायचा, क्रँक वाकलाय का ते कळतं. आणि रंग बघा. तीन नंबरची पिन निळी-जांभळी पडली असेल तर ती इतकी तापलीय की तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंय. अशा क्रँकवर मी पैसे घालणार नाही.

चीर नाही, वाक नाही, निळा नाही, तर ग्राइंडिंग. बेअरिंगं कमी मापाच्या पिनींसाठीही मिळतात. सर्वसाधारण टप्पे पाव मिलिमीटरचे : ०.२५, ०.५०, ०.७५. जुने मेस्त्री यालाच दहा, वीस, तीस म्हणतात, ते इंचाचे हजारांश. समजा तीन नंबरची पिन सगळ्यात खराब जागी ०.१२ ने कमी भरली, तर पहिल्या साइजमध्ये, म्हणजे ०.२५ ला, सगळ्या रेषा निघून जातील. खराब एकच असली तरी चारही पिनी त्याच साइजला घेतात, कारण बेअरिंगं सेटने येतात. मेन मापात असतील तर त्यांना हात लावायचा नाही. मात्र एक गोष्ट आधी तपासा. काही इंजिनांत क्रँकच्या वरच्या पापुद्र्यालाच नायट्रायडिंगने कडकपणा दिलेला असतो, तो दगडाखाली निघून जातो आणि पुन्हा द्यावा लागतो. काही कंपन्या तर ग्राइंडिंग करूच नका म्हणतात. तुमच्या मॉडेलची वर्कशॉप पुस्तिका काय म्हणते ते बघा, आणि कमी मापाची बेअरिंगं बाजारात खरोखर मिळतात का, हेही. बेअरिंगचा डबा हातात आल्याशिवाय क्रँक दगडाला लावू नये. शहाणा ग्राइंडर स्वतःच म्हणतो, आधी बेअरिंग आणा, त्याच्या मापाने मी पिन काढतो.

झालेलं काम घेताना तीन जागा बघा. पिन जिथे क्रँकच्या पाळीला (बाजूच्या जाड पाटाला) मिळते त्या कोपऱ्यात गोलाई राहिली पाहिजे. घाईत दगडाचा कोपरा गोल न करता काम केलं तर तिथे चौकोनी खाच पडते आणि क्रँक तिथूनच तुटतो, आज नाही, वर्षाने. तेलाच्या भोकांच्या कडा मोडलेल्या हव्यात, धारदार नकोत. आणि माप थंड झाल्यावर घेतलंय का ते विचारा. मशीनवरून नुकता उतरलेला क्रँक हवेपेक्षा वीस अंशांनी गरम असला तर ५० मिलिमीटरची पिन शतांश मिलिमीटरहून थोडी जास्तच फुगलेली असते. ज्या कामात सगळा खेळ तीन-चार शतांशांचा, तिथे ही लबाडी परवडत नाही. मी असे क्रँक रात्रभर टांगून सकाळी, चहाच्या आधी, मोजायचो.

वेल्डिंगने माल भरून पिन पुन्हा मूळ मापाला आणून देतो, असं कोणी म्हणेल. ट्रॅक्टरला, जुन्या ट्रकला ते चालून गेलेलं पाहिलंय. छोट्या, जोरात फिरणाऱ्या डिझेलला माझा नकार आहे. उष्णतेने क्रँक पिळवटतो आणि भरलेल्या जागेच्या कडेला चिरा धरतात. ०.५० मध्येही साफ होत नसेल तर सरळ नवा क्रँक घ्या. आपल्या मुंढव्याच्या भारत फोर्जमधून जगभरच्या इंजिनांसाठी घडवलेले क्रँकशाफ्ट जातात, आणि आपण इथे सुतळीने पिन घासत बसतो, याचं मला दर वेळी हसू येतं.

तीन नंबरच्या रॉडचं विसरू नका. बेअरिंग फिरलं म्हणजे ते रॉडच्या भोकात फिरलं, भोक खाल्लं गेलेलं असणार. तो रॉड बदला, बाकीच्यांशी वजन जुळवून. क्रँकच्या पोटातली तेलाची भोकं बारीक ब्रशने आणि डिझेलने धुऊन हवेने मोकळी करायला लावा, पांढऱ्या फडक्यावर काळं-चंदेरी काही येत नाही तोपर्यंत. तेलाचा कूलर असेल तर तो नवा घ्या, त्याच्या जाळ्यात बसलेली बेअरिंगची चमकी धुऊन निघत नाही. टर्बोला तेल नेणारी नळीही खोलून बघा. इथे लोक पैसे वाचवतात आणि हजार किलोमीटरवर टर्बो गमावतात.

मेहुण्यांना सांगा, भंगारातलं इंजिन म्हणजे दुसऱ्याचं दुखणं घरी आणणं. ते कशासाठी भंगारात गेलं हे विकणारा सांगत नाही. शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, ती न करता गाडी विकायला काढलीत की अडकाल. नुसता क्रँक बदलण्यात ती कटकट नाही. आणि वहिनींचं म्हणणं चूक नाही, फक्त वेळ चुकीची आहे. खोललेल्या इंजिनाची गाडी विकली तर लोखंडाचा भाव येईल. आधी जोडा, सहा महिने चालवा, मग ठरवा.

खर्चाचं. इथे तुम्हाला आवडणार नाही असं काही सांगावं लागेल. सिलिकॉनचं काम गॅरेजचं, बेअरिंगं मोजमाप न करता टाकली असतील तर तीही चूक त्यांचीच. पण टोलनाक्यावर दिवा लागल्यानंतरचे सत्तरेक किलोमीटर तुमचे आहेत. बऱ्याच गाड्यांत हा दिवा दाब अर्ध्या बारच्या आसपास घसरला की लागतो, म्हणजे तो लागतो तेव्हा तेलाचा दाब जवळपास संपल्यातच जमा असतो. रेस केल्यावर गेला म्हणजे बरा झाला नव्हे. तिथेच इंजिन बंद करून १०३३ ला फोन केला असता, राष्ट्रीय महामार्गावर त्या नंबरवर क्रेन मिळते, तर बेअरिंगवर निभावलं असतं आणि क्रँक बहुधा वाचला असता. म्हणून मला न्याय्य वाटतो तो हिशेब असा : उतरवणं-जोडणं, बेअरिंगं, पंप, कूलर, चेंबरचं काम गॅरेजकडे. क्रँकचं ग्राइंडिंग आणि तीन नंबरचा रॉड निम्मा-निम्मा. तेल आणि फिल्टर तुमचे. मापांचा कागद आणि जाळीचा फोटो समोर ठेवून, वडिलांना बरोबर घेऊन बोला. पंधरा वर्षांची ओळख आहे, बहुतेक इथेच मिटेल. ठरलं ते मात्र लिहून सही घ्या.

नाहीच ऐकलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगात करता येते, ऑनलाइनही. एवढ्या रकमेला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. कच्ची पावती असली तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप जपून ठेवा. समोरचा वकील ते सत्तर किलोमीटर काढणारच, हे धरून चाला.

जोडायचं कोणी? तुमच्याच गॅरेजवाल्यांनी जोडलं तरी माझी हरकत नाही, अट एक : टॉर्क पाना आणि प्लास्टीगेज. प्लास्टीगेज ही मेणासारखी बारीक दोरी. कोरड्या पिनीवर ठेवायची, टोपी पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक मुळीच न फिरवता परत खोलायची. दोरी जेवढी चपटी होऊन पसरली तेवढी फट कमी, पाकिटावर मापपट्टी असते. चार पिनींना अर्धा तास लागतो. त्या वेळी तिथे खुर्ची टाकून बसा. मेस्त्री चिडतील, चिडू द्या.

बोल्ट नवे. बेअरिंगांना बसवताना तेल. चेंबरला बारीक वळ, आणि ती पूर्ण वाळेपर्यंत तेल भरायचं नाही, ट्यूबवर लिहिलेले तास मोजायचे. चालू करताना आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता स्टार्टर थोडा-थोडा मारायचा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मगच डिझेल. दाबाच्या स्विचच्या जागी तासाभरासाठी खरा गेज लावून गरम इंजिनावर दाब बघून घ्या, दिव्यावर विश्वास ठेवून एकदा फसलात.

पहिले ५०० किलोमीटर घाट नको, पाचव्या गिअरमध्ये रेटणं नको. मग तेल आणि फिल्टर बदला. जुनं तेल पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात काढा, उन्हात नेऊन हलवा आणि फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. चमकी दिसली किंवा लाल शेव दिसली तर गाडी चालू करू नका, त्या टबाचा फोटो मला पाठवा.